वजन बरोबर, मोजणी बाकी

"त्याच्याशी वाद घालू नकोस. सांगायचं असेल ते त्याच्यासमोर ठेव आणि गप्प बस."

सासूबाईंचं हे वाक्य माझ्या कानात अजून तसंच आहे, त्यांच्या त्या बारीक खोकल्यासकट. लग्न होऊन मी या घरात आले त्या आठवड्यातच त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराआड ओढून हे बजावलं. 'त्याच्याशी' म्हणजे त्यांच्या धाकट्या चिरंजीवांशी, म्हणजे आमच्या ह्यांच्याशी. वाद न घालणं मला कधीच जड गेलं नाही. माझा आवाज मुळातच असा, की मी ओरडले तरी समोरचा "काय म्हणालात?" असं विचारतो. गप्प बसणं तर माझा नेमच आहे. सकाळी दिवा लावल्यापासून ऊन ओट्यावर येईपर्यंत मी बोलत नाही, जप करते. राहता राहिलं ते 'समोर ठेवणं'. ते जमायला मात्र उभा जन्म गेला. आणि जमलं तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंच्या कृपेने.

हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. हे बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने पारड्याखाली चिकटवलेलं काय काय काढून घेत, असं म्हणतात. निवृत्त झाले, पण नजर निवृत्त झाली नाही. दुकानातून आणलेली साखर घरी पुन्हा तोलली जाते. शेजारीपाजारी त्यांना 'काटेसाहेब' म्हणतात, आणि ह्यांना तो मान वाटतो. निरोपाच्या दिवशी खात्याने त्यांना काचेच्या पेटीत बसवलेला एक पितळी तराजू भेट दिला. सोनाराकडे असतो तसा, नाजूक, श्वास लागला तरी हलणारा. तो बैठकीच्या खोलीत असतो. त्याची धूळ हे स्वतः पुसतात. मला देवाजवळचं सगळं हाताळायची मुभा आहे, तराजूला हात लावायची नाही.

आता मुद्द्याचं. माझे थोरले दीर, म्हणजे ह्यांचे दादा, यांनी मागे रक्त तपासलं होतं. रिपोर्ट आला तो त्यांनी कुणाला दाखवावा? डॉक्टरांना नव्हे, धाकट्या भावाला. ह्यांनी चष्मा चढवून, आकड्याखाली बोट धरून तो वाचला आणि निकाल दिला, "दादा, कोलेस्टेरॉलचं वजन मर्यादेत आहे. माल चोख आहे. निर्धास्त राहा." दादा निर्धास्त राहिले. पुढच्या थंडीत एका सकाळी खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधता बांधता ते गेले. एक बूट पायात होता, एक हातात.

काही दिवसांनी जाऊबाई ह्यांना म्हणाल्या, "भाऊजी, झालं ते झालं. निदान पोराला एकदा तपासून आणा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल." पोरगा म्हणजे आमचा पुतण्या. चाळिशीला टेकलाय, दोन लेकरांचा बाप आहे, पण घरात अजून पोरगाच. हे म्हणाले, "आणतो. शब्द देतो."

शब्द दिला आणि कुठेतरी ठेवून विसरल्यासारखं केलं. विषय निघाला की ह्यांना हटकून बाहेर काम निघे. मी फार खोदलं, म्हणजे माझ्या आवाजात जितकं खोदता येतं तितकं, तर म्हणत, "दादाचा रिपोर्ट नॉर्मल होता. मग काय उपयोग झाला?" हे वाक्य ते रागाने म्हणत. राग कुणावर होता ते मला कळत होतं. शिक्का त्यांचा होता ना.

अशात आमच्या लेकीचा फोन आला. ती लांब नोकरीला असते आणि फोनवरून आमचं घर चालवते. "आई, तुमची दोघांची रक्ततपासणी मी ठरवली आहे. साधी नाही, कणांची. काकांच्या बाबतीत जे झालं ते मला पुन्हा नकोय."

"कणांची म्हणजे गं?"

"ते डॉक्टर सांगतील. रात्रभर उपाशी राहायचं फक्त."

उपाशी राहायचं! मला भरूनच आलं. आयुष्यभर नातेवाईकांनी माझ्या उपासांवर तोंडसुख घेतलं, आणि आता शास्त्रच हात जोडून माझ्याकडे उपास मागत होतं. ह्यांनी मात्र नकार दिला. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "सकाळी माझं मौन असतं. तिथे कुणी काही विचारलं तर बोलायला कुणीतरी हवं." यावर हे लगेच तयार झाले. बोलायला कुणीतरी हवं असेल तिथे हे नाही म्हणूच शकत नाहीत.

आणि नेमके तिथे गेल्यावर नाहीसे झाले. लॅबच्या बाहेरच्या खोलीत एक वजनकाटा ठेवला होता, गिऱ्हाइकांना तोलायचा. हे त्यावर चढले, उतरले, पुन्हा चढले आणि भुवया आकसून त्याच्या मागे काहीतरी शोधू लागले. इकडे रक्त घेणाऱ्या मुलीने मला आत बोलावलं. "नाव?" मी ओठांवर बोट ठेवलं. "नाव सांगा ना, मावशी." मी पुन्हा बोट. तिचा चेहरा एकदम कनवाळू झाला. ती मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "मावशी! हात! पुढे! करा!" मग बाहेर डोकावून सगळ्या खोलीला सांगितलं, "यांना बोलता येत नाही. यांच्यासोबत कोण आहे?"

सोबत असलेले गृहस्थ काट्याखाली वाकलेले होते.

मूठ आवळा, मूठ सोडा, असं बरंच मूकनाट्य झालं. शेवटी तिने पट्टा बांधला, सुई काढली, आणि नेमकं त्याच वेळी खिडकीतून ऊन टेबलावर आलं. मी पाहिलं. माझं मौन संपलं होतं. घरातला ओटा नसला म्हणून काय झालं, ऊन ते ऊन. मी म्हटलं, "बाळ, जरा हळू टोच."

ती किंचाळली. बाहेरची माणसं दारात गोळा झाली. "मावशींना बोलता यायला लागलं!" बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले, माझ्याकडे डोळे विस्फारून बघत राहिले आणि मुलीला म्हणाले, "यांची कुठली तपासणी केलीत? मलाही तीच करा."

मी खुलासा करायचा प्रयत्न केला. पण माझा आवाज असा. दारापर्यंत पोचलाच नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. लांबलचक, रंगीत, बाणांनी भरलेले. ह्यांनी आधी वजनाचा आकडा शोधला. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल वजनाने शंभराच्या आत, हिरव्या पट्टीत. माझं? लाल पट्टीत. मी, जिने लोण्याला बोट लावलेलं नाही! आणि हे, जे पावाला लोणी लावतात की लोण्याला पाव, हे अजून ठरायचंय! "तुझा माल मर्यादेबाहेर आहे," हे हळुवारपणे म्हणाले. त्या हळुवारपणाने मला जास्त लागलं.

पण खाली आणखी एक ओळ होती. 'कणांची संख्या.' तिथे माझा आकडा मर्यादेच्या जरा आत होता आणि ह्यांचा अठराशे, लाल, वर चढता बाण. वजन बरोबर, संख्या बेसुमार. ह्यांनी पान उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. "छापखान्याची चूक," असं म्हणून त्यांनी चष्मा मिटला.

दुसऱ्या दिवसापासून शेजारी यायला लागले. आमच्याकडे सल्ला द्यायला येणारा माणूस नेहमी सकाळीच येतो, कारण मौनात असलेल्या बाईला सल्ला देण्यासारखं सुख जगात दुसरं नाही. समोरच्या वहिनी माळ ओढणाऱ्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढे उपास करून कोलेस्टेरॉल? मग आम्ही कशाला करायचे?" आणि त्याच आनंदात घरी जाऊन त्यांनी काहीतरी तळायला घेतलं. वास आला मला. तळमजल्याच्या काकांनी सांगितलं की कोमट पाणी उभ्याने प्यायलं की कण बसत नाहीत. बसून प्यायलं तर बसतात.

ह्यांनी मात्र सरळ लॅब गाठली. सोबत मी. खिडकीतल्या मुलीला मी विचारलं, "याचा अर्थ कुणी समजावून सांगेल का?" ती म्हणाली, "रिपोर्ट देणं आमचं काम, मावशी. समजणं डॉक्टरांकडे." मग हे पुढे झाले. छाती भरून श्वास घेतला. आणि तो आवाज निघाला, ज्या आवाजाने बाजारच्या बाजार गप्प झाले होते.

"तुमच्या यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली? दाखला दाखवा."

मुलगी पांढरीफटक पडली. तिने फोन उचलला, कुजबुजली. टाय लावलेले एक व्यवस्थापक पळतच आले. "या साहेब, आत या. आधी कळवलं असतंत तर..."

"आधी कळवून तपासणी होत नसते," हे सवयीने म्हणून गेले. मग बहुधा स्वतःचंच बोलणं कानावर आल्यामुळे पुढे म्हणाले, "तसा मी निवृत्त आहे." पण हे वाक्य त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या आवाजात म्हटलं. कुणालाच ऐकू गेलं नाही.

आम्हाला पांढरे अंगरखे चढवून आत नेलं. पाण्याच्या बाटल्या आल्या, खुर्च्या पुसल्या गेल्या. थंडगार, स्वच्छ खोली. मधोमध कपाटाएवढं यंत्र, आत नळ्यांच्या रांगा संथपणे पुढे सरकत होत्या. हरेक नळीवर एका माणसाचं नाव. त्यात कुणाची आई होती, कुणाचा भाऊ होता, आणि कुणीच एकमेकांना ढकलत नव्हतं. इतकी शिस्तीची रांग मी कुठल्याही देवळात पाहिलेली नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. व्यवस्थापकांना वाटलं मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी परत केला.

"रोज सकाळी, साहेब," ते सांगत होते, "पहिल्यांदा ओळखीचं रक्त आत घालतो. ज्याचा आकडा आम्हाला आधीच ठाऊक आहे असं. तो आकडा जिथल्या तिथे आला, तरच लोकांचं रक्त आत जातं. नाही आला तर त्या दिवशी यंत्र बंद."

हे बघतच राहिले. "रोज?"

"रोज."

"आमच्याकडे वर्षातून एकदा व्हायची," हे पुटपुटले. बाहेर पडताना व्यवस्थापकांनी अभिप्रायाची वही पुढे केली. ह्यांनी लिहिलं, 'समाधानकारक', आणि खाली ती जुनी लफ्फेदार सही ठोकली.  घराच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "यंत्र बरोबर आहे. म्हणजे मोजणी बरोबर आहे. पण मोजायचंच कशाला? वजन मर्यादेत असल्यावर नग किती, याच्याशी काय देणंघेणं?"

म्हणून मग डॉक्टर. बाहेर फार गर्दी असलेले डॉक्टर; बोलता बोलता पुढच्या माणसाचं नाव पुकारणारे.

"हे बघा," ते म्हणाले, "कोलेस्टेरॉल म्हणजे माल. तो रक्तात आपला आपण चालत नाही, त्याला गाडी लागते. त्या गाड्या म्हणजे हे कण. तुमचा माल बेताचाच आहे, पण तो छोट्या छोट्या गाड्यांत भरलाय. त्यामुळे गाड्या फार. नसांच्या भिंतीवर जाऊन आदळतात त्या गाड्या. जितक्या गाड्या जास्त, तितके अपघात जास्त."

"मोठ्या गाडीचा अपघात मोठा होतो," हे म्हणाले.

"इथे तसं नसतं."

"मग उदाहरण चुकीचं आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमचं उलट आहे. माल जरा जास्त, गाड्या कमी. लक्ष ठेवू, पण घाबरू नका. ह्यांचं मात्र आजपासून. गोळी लिहून देतो, रोज चालणं." मग ह्यांना विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"भाऊ," मी म्हटलं. "रिपोर्ट नॉर्मल होता."

"वजनाचा असेल. कण मोजले होते?"

मी नकारार्थी मान हलवली.

"हे घराण्यातून येतं बरेचदा. भावाला मुलं असतील तर त्यांचंही बघून घ्या."

हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, भिंत होती.

गोळीची पट्टी आणली, ती तराजूच्या पेटीवर पडून राहिली. आणि मग आमच्या घरात उदाहरणांचा पूर आला. ज्याला त्याला ह्यांना समजावायचं होतं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, एक पोतं कापसाचं, एक वाळूचं, वजन सारखं समजा." हे म्हणाले, "कापसाचं पोतं केवढं होईल याचा विचार केलास का? दारातून येईल का?" तळमजल्याचे काका टपालात होते, त्यांनी पार्सलं आणि पोस्टमन काढले. हे म्हणाले, "पत्ता चुकला तर पार्सल परत येतं." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "पाहुणे किती जाड आहेत ते नाही हो बघायचं, किती आलेत ते बघायचं. एकेकाने एकदाच दार वाजवलं तरी दाराचं काय होईल?"

"पाहुणे निघून जातात," हे म्हणाले.

"आमचे जात नाहीत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यांनाच चहा द्यावा लागला.

एवढं करून आमच्या घरात गाड्या, पोती, पोस्टमन आणि पाहुणे साठले, पण गोळी काही ह्यांच्या पोटात गेली नाही. दरम्यान जाऊबाईंचा फोन आला. मीच घेतला. "भाऊजींना आठवण आहे ना?" एवढंच विचारलं त्यांनी. हे समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटायचं थांबले, पण वर पाहिलं नाही.

शेवटी वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. जन्मभर गणित शिकवलेले. उदाहरण वगैरे त्यांनी काही दिलं नाही. रिपोर्ट हातात घेतला, आकड्यापुढचं एकक वाचलं, आणि त्यांचा चेहरा एकाएकी विद्यार्थ्यासारखा झाला. "नॅनोमोल! काटेसाहेब, या अठराशेचा अर्थ अठराशे कण असा नाही हो. चला, गच्चीवर चला. इथे जागा पुरायची नाही."

गच्चीवर पाण्याच्या टाकीची लांब भिंत आहे. मास्तरांनी खिशातून खडू काढला (निवृत्त होऊनही खडू खिशात! ह्यांना एकदम आपला माणूस भेटल्यासारखं झालं). त्यांनी सहाचा आकडा काढला आणि त्यापुढे शून्यं काढत चालायला लागले. "एका नॅनोमोलमध्ये एवढे कण. आता गुणिले अठराशे." पुन्हा शून्यं. टाकीचा कोपरा आला तेव्हा हिशोब संपला. मग मास्तर उलटे चालत आले, एकेका शून्यावर बोट ठेवत, आणि मीही त्यांच्यासोबत म्हणायला लागले, कारण लहानपणी आम्हाला हे पाठ करायला लावलं होतं: एकं, दहं, शतं... कोटी, अब्ज, खर्व, निखर्व... शंकू, जलधी, अंत्य, मध्य...

"परार्ध," मास्तर म्हणाले. "जवळजवळ अकरा परार्ध कण. एका लिटरमध्ये. दुधाच्या पिशवीएवढ्या रक्तात." खडू हातात तसाच राहिला त्यांच्या. "वहिनी, परार्धाच्या पुढे आपल्याकडे नावच नाही. जुन्या लोकांना वाटलं असेल, एवढं मोजायला बसलंय कोण!"

"बसलाय की," मी म्हटलं.

यावेळी दोघांनाही ऐकू गेलं. वारा पडला होता, म्हणूनही असेल.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. अर्ध्या बाह्यांचा सदरा, कानावर अडकवलेलं पेन, दाढीचा एक ठिपका राहून गेलेला. ह्या माणसाच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपते, त्याच्या घोरण्याला नावं ठेवते, आणि त्याच्या आत हे एवढं चाललेलं असतं! जन्मभर जप केला त्याची मला आतून थोडी मिजास होती, उगाच कशाला नाकारू. पण माझ्या साऱ्या माळा एकापुढे एक मांडल्या तरी त्या भिंतीवरच्या पहिल्या काही शून्यांतच संपल्या असत्या. आणि तो, ज्याचं नाव मी मोजते, तो माणसागणिक परार्ध परार्ध मोजून सोडतो आणि कुणाला सांगतही नाही. तिथल्या तिथे बसावंसं वाटलं. बसलेही, टाकीच्या कठड्यावर.

ह्यांनाही काहीतरी झालं होतं. खाली येताना जिन्यात ते स्वतःशीच बोलले, "एवढे कण, आणि सगळ्यांचं मिळून वजन मर्यादेत? म्हणजे एकेक कण किती हलका... म्हणजे..." आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना दिसत होतं, पण तिथपर्यंत जायचं नव्हतं.

त्या रात्री मला सासूबाईंचा खोकला आठवला.

सकाळी आभाळ भरलेलं होतं. मी दिवा लावला, आणि जपाला बसायच्या आधी काचेची पेटी उघडून तराजू जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.  सासूबाईंची माळ मागे तुटली होती, तिचे टपोरे मणी मी डबीत जपून ठेवलेत. एका पारड्यात माझी बारीक मण्यांची माळ ठेवली. दुसऱ्यात सासूबाईंचे मणी एकेक करून टाकत गेले. काटा हलला, डुलला, आणि मधोमध येऊन उभा राहिला. मग मी बाजूच्या खुर्चीवर बसले. मोजायची माळ तर पारड्यात होती, म्हणून मिटल्या तोंडाने नुसतंच नाव घेत राहिले.

हे चहा घ्यायला आले. तराजू पाहून दारातच उभे राहिले. "हे काय? कुणी हात लावला?" मी गप्प. "अगं, काय आहे हे?" मी गप्प. एरवी त्यांनी वाट पाहिली असती, पण आभाळ भरलेलं, ऊन ओट्यावर यायचं नाव घेईना. ऊन नाही म्हणजे बोलणं नाही. नाइलाजाने त्यांनी चष्मा लावला आणि वाकून काटा पाहिला. "बरोबर आहे," सवयीने म्हणाले. "दोन्हीकडे सारखं."

मग सासूबाईंचे मणी मोजले. थोडेच तर होते. मग माळ मोजायला लागले. बोटांखालून मणी सरकत राहिले, सरकत राहिले. मधेच ते हरवले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी माळ जरा ओढली गेली आणि दोरा तुटला.

काय आवाज झाला! सगळ्या घरभर मणी. टेबलाखाली, कपाटाखाली, चपलांत, गालिच्याच्या झालरीत. हे लगेच गुडघ्यांवर. मीही. वजनं उचलायचा त्यांचा चिमटा घेऊन ते एकेक मणी टिपायला लागले. भिंत आणि फरशीच्या सांध्यात बारीकशी फट आहे, वर्षानुवर्षांची. कितीतरी मणी नेमके तिथे जाऊन बसले होते. चिमट्याने काही निघाले. एक आत खोल गेला होता, काही केल्या हाती लागेना.

ह्यांनी टेबलावरून सासूबाईंचा एक टपोरा मणी उचलला आणि फटीजवळ धरून पाहिला. तो बसेना. ते उठले नाहीत. तसेच जमिनीवर, भिंतीला हात लावून बसून राहिले.

"इतके आहेत," ते म्हणाले, "की एखादा तरी आत जाणारच."

मी काही बोलले नाही. ऊन नव्हतं, आणि असतं तरी बोलले नसते.

"ही वस्तू वजनावर घ्यायची नाहीच मुळी. नगावर मोजायची." त्यांनी चष्मा काढला. "दादाची मी वजनावर पास केली. दादाचे नग कुणी मोजलेच नाहीत. त्याला वजनाचा दाखला दिला आणि सांगितलं, निर्धास्त राहा."

मी त्यांच्या हातातला टपोरा मणी काढून घेतला, आणि पाण्याचा पेला आणि गोळीची पट्टी आणून त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. त्यातली एक गोळी त्यांनी घेतली.

संध्याकाळी ह्यांनी दिव्याखाली बसून माझी माळ ओवली. चिमट्याने, एकही मणी बोटाने न धरता, जसं वजन धरतात तसं. फटीतल्या मण्याची जागा रिकामी राहिली, तिथे त्यांनी गाठ मारली. "गाठही मोज," म्हणाले. मग फोन उचलला. पुतण्याला दोनच वाक्यं बोलले, "उद्या सकाळी काही खाऊ नकोस. मी न्यायला येतो." पलीकडून बहुतेक वाद घातला गेला, कारण हे जरा वेळ ऐकत राहिले, आणि मग इतक्या हळू आवाजात म्हणाले, की मला वाटलं मीच बोलतेय, "तुझ्या आईला शब्द दिलाय रे."

दुसऱ्या दिवशी मी दिवा लावून जपाला बसले तेव्हा हे तयार होऊन बाहेर आले. सवयीने मी त्यांचा चहा टेबलावर ठेवला होता. त्यांनी कपावर बशी झाकली. तपासणी त्यांची नव्हती, तरी मला खुलासा केला, "पोरगा उपाशी येणार. मी पिऊन कसा जाऊ?" दारातल्या स्टुलावर बसून त्यांनी बूट घातले. एकाची नाडी बांधली. दुसऱ्याची बांधताना हात क्षणभर थांबला. मी जप थांबवला नाही, पण श्वास थांबला. मग त्यांनी गाठ घट्ट ओढली, उठले, दार आवाज न करता लोटलं आणि जिना उतरायला लागले. पावलं एकेका पायरीवर, सावकाश.

माळेतल्या त्या गाठीवर माझं बोट आलं, तेव्हा खालचं फाटक हळूच वाजलं.